न्यायालयाची कचेरी आणि तिची लेखनभाषा : खामगावच्या संदर्भात

न्यायालय म्हणताच सामान्यतः न्यायासन, वकील आणि साक्षीदाराचा पिंजरा एवढेच चित्र मनापुढे उभे राहते. खामगावच्या न्यायालयात दिवाणी दावा घेऊन येणाऱ्या पक्षकाराच्या कागदाचा पहिला संबंध मात्र यांपैकी कोणाशीच येत नाही. तो कागद प्रथम पोहोचतो कचेरीत, लिपिकाच्या मेजावर. निकाल लागून कित्येक वर्षे लोटल्यावर त्या प्रकरणाचे जे काही मागे उरते, तेही कचेरीच्याच अभिलेखकक्षात, दप्तराच्या रूपाने उरते. आरंभ आणि शेवट अशी दोन्ही टोके जिच्या हाती आहेत, त्या कचेरीचे कार्य भाषाशास्त्राच्या दृष्टीने समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाचे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकणे बरे. कचेरीतील नोंद ही घडलेल्या गोष्टीचे वर्णन असते, हे तर खरेच; परंतु पुष्कळदा त्या नोंदीनेच ती गोष्ट कायद्याच्या दृष्टीने घडलेली ठरते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे हीच कृती असते अशा वाक्यांचे विवेचन केले आहे. त्यांची उदाहरणे बहुतांशी उच्चारलेल्या वाक्यांची आहेत. न्यायालयाच्या कचेरीत तोच व्यापार लेखणीने चालतो. ही गोष्ट मान्य केली, म्हणजे कचेरीच्या भाषेचे मूल्यमापन शुद्धाशुद्धतेच्या नेहमीच्या मापाने न करता दुसऱ्याच एका मापाने करावे लागते. ते माप कोणते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

(१) स्थळ

खामगाव हे वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचे जुने ठाणे. जलंबपासून खामगावपर्यंतचा लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो प्रामुख्याने या कापसासाठीच. त्याच्या उद्घाटनास त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. जेथे बाजारपेठ मोठी, तेथे वचनचिठ्ठ्या, अडतीचे हिशेब आणि गहाणखते यांचे तंटे असावयाचेच. भोवतालच्या खेड्यांतून येणारे दावे शेताच्या धुऱ्याचे, पांदणीचे, वाटणीचे आणि वारसांचे. ही दोन्ही जगे खामगावच्या कचेरीत एकाच नोंदवहीत शेजारीशेजारी नांदतात.

या न्यायालयावरील वरिष्ठ सत्ता अनेक वेळा पालटली, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. १९०३ साली त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला. १९०५ साली खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात घालण्यात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या एखाद्या दाव्याचा माग काढणाऱ्यास अकोल्याचे दप्तर विसरून चालणार नाही. १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बुलढाणा असले, तरी खामगावातही जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. सत्ता पालटली तसतशी नमुन्यांची आणि पदनामांची भाषा पालटत गेली, पण कचेरीचे मूळ काम पालटले नाही.

(२) पदनामे

त्या कामाची कल्पना पदनामांच्या व्युत्पत्तीवरूनही येते. ‘शिरस्तेदार’ हा शब्द फारसी ‘सररिश्तादार’ याचे मराठी रूप होय. ‘रिश्ता’ म्हणजे धागा. धाग्याचे टोक ज्याच्या हाती आहे तो शिरस्तेदार. कागदांचा गुंता न होऊ देणे हे त्याचे काम. ‘नाझर’ हा अरबी ‘नाझिर’, म्हणजे पाहणारा, देखरेख करणारा. न्यायालयातील रकमा, जप्तीचा माल आणि बेलिफांची कामे यांवर त्याची नजर. ‘कारकून’ म्हणजे फारसीत काम करणारा. ‘बेलिफ’ हा इंग्रजीतून आला. त्याचे मूळ ओझे वाहणाऱ्या हमालाच्या लॅटिन नावात आहे. ‘क्लार्क’ या शब्दाचे मूळ धर्मोपदेशकवाचक. मध्ययुगीन युरोपात लिहितावाचता येणारा माणूस बहुधा तोच असे. आजचा ‘लिपिक’ संस्कृत ‘लिपि’ शब्दावरून घडविला आहे, आणि ‘लिपि’ या शब्दाचा संबंध विद्वान प्राचीन इराणी ‘दिपि’ शब्दाशी जोडतात. धागा, नजर, काम, ओझे आणि लेखन : कचेरीची पाचही अंगे या पाच शब्दांत आली आहेत.

न्यायालयीन लेखनिकाचे स्थान सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत काउंटीचा किंवा न्यायालयाचा मुख्य लेखनिक मतदारांनी निवडून दिलेला असतो आणि त्याला स्वतंत्र अधिकार असतात. आपल्याकडे तो नेमलेला सेवक असून न्यायाधीशांच्या नियंत्रणाखाली काम करतो. त्याचे काम लिपिकीय स्वरूपाचे, न्यायिक नव्हे, असे कायदा मानतो. दावा स्वीकारावा की फेटाळावा हे तो ठरवू शकत नाही. न्यायशुल्क कमी आहे, प्रती अपुऱ्या आहेत, सही राहिली आहे, अशा त्रुटी तो दाखवितो आणि निर्णय न्यायाधीश देतात. तत्त्वतः ही सीमारेषा स्वच्छ आहे. व्यवहारात ती कोठे पुसट होते, हेच पुढे पाहावयाचे आहे.

(३) एका दाव्याचा प्रवास

कल्पनेने एक दावा घेऊ. खामगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याची तक्रार अशी की, शेजाऱ्याने धुरा फोडून आपल्या वावरात दोन तास पुढे घेतले. वकिलामार्फत त्याचे वादपत्र तयार होऊन कचेरीत येते. लिपिक त्यावर दाखल केल्याच्या तारखेचा शिक्का मारतो. हा शिक्का क्षुल्लक नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे, सामान्यतः वादपत्र योग्य अधिकाऱ्याकडे सादर झाले म्हणजे दावा दाखल झाला. वचनचिठ्ठीवरील पैशाचा दावा तीन वर्षांच्या आत आणावा लागतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा शिक्का आणि दुसऱ्या दिवसाचा शिक्का यांत धनकोचा सगळा पैसा सामावलेला असतो.

मग वादपत्राची तपासणी होते. न्यायशुल्क १९५९ च्या अधिनियमाप्रमाणे भरले आहे काय, मिळकतीच्या चतुःसीमा दिल्या आहेत काय, कागदांची यादी जोडली आहे काय, हे पाहून दावा नोंदवहीत चढविला जातो आणि त्याला क्रमांक मिळतो. या क्षणापासून त्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्या नावापेक्षा त्या क्रमांकाने अधिक ओळखले जाते. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला ‘निशाणी’ लागते. मनाई हुकुमाचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर येतो. म्हणून वकीलवर्गात ‘निशाणी पाच’ हे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचे नावच होऊन बसले आहे. क्रमवाचकाचे असे विशेषनामात रूपांतर होणे हा शब्दार्थविचाराच्या विद्यार्थ्याला एक चांगला नमुना आहे.

पुढे समन्स निघते. त्यावर न्यायाधीशांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाची मुद्रा असते. बेलिफ ते घेऊन प्रतिवादीच्या गावी जातो. प्रतिवादी भेटला तर प्रत देऊन सही घेतो. त्याने घेण्याचे नाकारले, अथवा योग्य तो शोध करूनही तो सापडला नाही, तर प्रत घराच्या दर्शनी भागी चिकटवितो आणि परत येऊन अहवाल लिहितो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स केव्हा आणि कसे बजावले, चिकटविले असल्यास कोणत्या परिस्थितीत, घर कोणी दाखविले आणि कोणासमक्ष चिकटविले, हे अहवालात यावे लागते. या काही ओळींवर पुढचे सारे अवलंबून असते. बजावणी झाली असे ठरले आणि प्रतिवादी आला नाही, तर दावा एकतर्फी चालू शकतो.

प्रत्येक तारखेस काय घडले, याची नोंद ‘रोजनाम्या’त होते. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, अर्ज दिला, म्हणणे मागविले, पुढील तारीख अमुक. या वाक्यांत क्रियापदे फारशी नसतात. एका तारखेस दोन-तीन ओळी, अशा शेकडो ओळींनी प्रकरणाचा इतिहास तयार होतो. वादी हजर असताना चुकून ‘गैरहजर’ असे लिहिले गेले, तर त्याचा दावा गैरहजेरीसाठी काढून टाकला जाण्याचा संभव असतो. ‘गैर’ या दोन अक्षरी उपसर्गाला इतके वजन मराठीच्या दुसऱ्या कोणत्या लेखनात असेल असे वाटत नाही. न्यायालयात काय घडले याविषयी अभिलेखात आलेले कथन वादाच्या पलीकडचे मानावे, ते चुकले असे ज्याला वाटत असेल त्याने आठवणी ताज्या असतानाच त्याच न्यायाधीशांच्या नजरेस आणावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणजे नोंद आणि स्मृती यांत विरोध आला, तर नोंद जिंकते.

(४) तीन तारखा आणि एक रुपया

निकालानंतर कचेरीचे काम संपत नाही. न्यायनिर्णय न्यायाधीश देतात. त्यावरून हुकूमनाम्याचा मसुदा तयार होतो कचेरीत. सामान्य माणूस दोहोंनाही ‘निकाल’च म्हणतो. पण न्यायनिर्णय म्हणजे कारणांसह दिलेला निर्णय, आणि हुकूमनामा म्हणजे त्यातून निघणारा पक्षकारांच्या हक्कांचा औपचारिक उच्चार. बजावणी होते ती हुकूमनाम्याची; न्यायनिर्णयात असलेला परंतु हुकूमनाम्यात उतरावयाचा राहून गेलेला गट क्रमांक जमिनीचा ताबा घेतेवेळी अडचण उभी करतो.

हरलेल्या पक्षकाराला अपील करावयाचे असेल, तर जिल्हा न्यायालयात त्याला तीस दिवसांची मुदत असते. प्रमाणित नक्कल मिळविण्यास लागणारा अवधी या मुदतीतून वगळला जातो. म्हणून नकलेवर लिपिकाने लिहिलेल्या तारखा महत्त्वाच्या : अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. समजा, निकाल १ जुलैला झाला. निकालाचा दिवस सोडून तीस दिवस मोजले, तर मुदत ३१ जुलैला संपते. नकलेचा अर्ज १० जुलैला दिला आणि नक्कल २५ जुलैला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून सोळा दिवस वगळले जातात आणि अपिलाचा शेवटचा दिवस १६ ऑगस्ट हा येतो. आता लेखणी घसरून २५ च्या जागी १५ पडले, तर वगळावयाचे दिवस सहाच उरतात आणि मुदत ६ ऑगस्टलाच संपते. एका अंकाने दहा दिवस नाहीसे झाले. विलंब माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे; पण त्यासाठी स्वतंत्र अर्ज, शपथपत्र, आणि पुन्हा एक तारीख. दुरुस्तीचा मार्ग असणे आणि इजा न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ विचार सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ मधील एका निर्णयात आढळतो. प्रकरण तत्कालीन पंजाबातील जमिनीच्या अग्रक्रयाचे होते. हुकूमनाम्याप्रमाणे वादीने ५९५१ रुपयांतून आधी भरलेले १००० रुपये वजा जाता उरलेली रक्कम १ मे १९५८ पर्यंत भरावयाची होती. म्हणजे ४९५१ रुपये. त्याने मुदतीच्या जवळजवळ चार महिने आधी, जानेवारीतच, रक्कम भरण्यासाठी अर्ज केला. कचेरीतून त्याला जे चलन मिळाले त्यात ४९५० रुपये लिहिलेले होते. त्याने तेवढेच भरले. पुढे विरुद्ध पक्षाने, एक रुपया कमी भरला म्हणून हुकूमनाम्याची अट मोडली, असा आक्षेप घेतला आणि एका रुपयाचा हा तंटा दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयाच्या कृतीने पक्षकाराची हानी होता कामा नये याहून वरचे तत्त्व न्यायालयाच्या मार्गदर्शनास नाही, अशा आशयाचा निर्णय देऊन तो रुपया भरण्याची संधी वादीस देण्यात आली. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हे पूर्वी, १९५४ ते १९५६ या काळात, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. खामगावची न्यायालये त्या वेळी त्याच उच्च न्यायालयाच्या अधिकारात होती.

या निर्णयाचा भाषिक अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. लिपिकाने चलनावर लिहिलेला आकडा हा त्याचा वैयक्तिक आकडा मानला गेला नाही; तो न्यायालयाचा उच्चार मानला गेला. लिपिक लिहितो, पण बोलते न्यायालय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १५२ व्या कलमात लेखनातील व गणितातील चुका केव्हाही दुरुस्त करण्याची तरतूद आहे, तिच्यामागेही हीच दृष्टी आहे. लेखनिकाच्या चुकीची जाण मात्र याहून फार जुनी आहे. अशोकाच्या चौदाव्या गिरिलेखात, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असल्यास त्याची कारणे सांगताना ‘लिपिकरा’च्या अपराधाचाही उल्लेख आहे. राजाची आज्ञा आणि ती कोरणारा हात या दोहोंत अंतर पडू शकते, हे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील राज्यकर्त्यानेही जाहीरपणे मान्य केले होते.

(५) शब्दसंग्रहाचे थर

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. कचेरीच्या मराठीत तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खालचा फारसी-अरबी : रोजनामा, दरखास्त, हुकूमनामा, निशाणी, मुद्देमाल, नक्कल, खारीज, तारीख, दप्तर. मधला इंग्रजी : समन्स, वॉरंट, बेलिफ, बोर्ड, चलन भरण्याच्या पद्धतीतील कित्येक शब्द. वरचा संस्कृतोद्भव : वादपत्र, न्यायनिर्णय, शपथपत्र, प्रमाणित, अभिलेख, लिपिक. ‘रे.मु.नं.’ या लघुरूपात तर ‘रेग्युलर’, ‘मुकदमा’ आणि ‘नंबर’ अशी दोन थरांतील तीन पदे टिंबांनी सांधलेली आहेत.

हे थर घालवून भाषा एकरंगी करण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांच्या पत्रांतील शब्द मोजून फारसीचे प्रमाण शतकभरात कसे झपाट्याने घटले हे दाखविले. स्वातंत्र्यानंतर नागपूरला डॉ. रघुवीर यांनी शासनव्यवहारासाठी संस्कृतनिष्ठ परिभाषा घडविली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली पदनामकोश प्रसिद्ध झाला. त्यावर बराच उपहासही झाला.

इतके होऊनही कचेरीत ‘दरखास्त’ आणि ‘हुकूमनामा’ टिकून आहेत. याचे कारण लिपिकवर्गाच्या जडत्वात शोधण्यापेक्षा शब्दांच्या कार्यात शोधावे असे मला वाटते. फारसीत ‘दरखास्त’ म्हणजे कोणतीही विनंती. कचेरीच्या मराठीत तिचा अर्थ आकुंचन पावून हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी करावयाचा अर्ज एवढाच राहिला. साधा ‘अर्ज’ वेगळा, ‘दरखास्त’ वेगळी. ‘खारीज’ म्हणजे मुळात बाहेरचा. कचेरीत तो फेटाळलेल्या दाव्याचा शिक्का झाला. ‘बजावणे’ हे क्रियापद समन्सालाही लागते आणि हुकूमनाम्यालाही. कागदावरील आज्ञा माणसापर्यंत किंवा मिळकतीपर्यंत पोहोचविणे हा दोहोंतील समान अर्थ. वापराने ज्या शब्दाला एकच नेमका अर्थ प्राप्त झाला आहे, तो कोणत्या भाषेतून आला याला कचेरीत महत्त्व उरत नाही. नवा शब्द आणावयाचा तर तोही तितकाच एकार्थी व्हावा लागतो. ‘वादपत्र’ आणि ‘शपथपत्र’ यांनी ती परीक्षा उत्तीर्ण केली आहे, म्हणून ते रुळले.

खरी अडचण शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे. ‘समन्स दरवाजास चिकटविण्यात आले’, ‘सदर इसम मिळून आला नाही’, ‘समज देण्यात आली’ अशी वाक्ये कचेरीच्या लेखनात वारंवार भेटतात. ‘-ण्यात आले’ या रचनेत कर्ता लोपतो. सामान्य शासकीय पत्रात त्याने फारसे बिघडत नाही. बेलिफाच्या अहवालात मात्र कायदा नेमका कर्ताच विचारतो : कोणी चिकटविले, कोणी घर दाखविले, कोण पाहत होते? ‘मिळून आला नाही’ या प्रयोगात शोध केला की नाही, केला तर किती वेळा, हे दोन्ही झाकून जाते. त्याऐवजी ‘मी सकाळी अमुक वाजता घरी गेलो; दार बंद होते; शेजाऱ्याने तो परगावी गेल्याचे सांगितले; संध्याकाळी पुन्हा गेलो’ अशी साधी कर्तरी वाक्ये लिहिली, तर उलटतपासणीत ती टिकतात आणि प्रतिवादीवरही अन्याय होत नाही. भारदस्त दिसणारी रचना येथे कमी काटेकोर ठरते, आणि घरगुती दिसणारी अधिक.

(६) बोली आणि अभिलेख

खामगावच्या न्यायालयात साक्ष देणारा शेतकरी बहुधा वऱ्हाडी बोलतो. ‘वीस वर्षांपासून आमीच वावर वाहून राह्यलो,’ असे तो म्हणाला, तर अभिलेखात ‘गेल्या वीस वर्षांपासून शेताची वहिवाट आमची आहे’ असे उतरणे सहज शक्य आहे. ‘वाहणे’ ही नांगरणे-पेरणे या अर्थाची कृती. ‘वहिवाट’ ही कायद्याच्या दृष्टीने एक अवस्था. ‘वाहून राह्यलो’ या रूपातील अखंड चालू असलेल्या क्रियेची छटा ‘आहे’ या क्रियापदात उरत नाही. विरुद्ध ताब्याच्या दाव्यात बारा वर्षांचा अखंड ताबा हाच वादाचा मुद्दा असतो. तेथे ही छटा निरुपयोगी म्हणता येणार नाही. तसेच ‘धुरा’ या शब्दाचे. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकास तेथे ‘बांध’ अपेक्षित असतो. पण साक्षीदाराने ‘धुरा’ म्हटले असता ‘बांध’ लिहिणे म्हणजे त्याच्या तोंडी दुसऱ्याचा शब्द घालणे होय.

साक्षीतील शब्दयोजनेची जबाबदारी अर्थातच न्यायाधीशांची असते. लघुलेखक सांगितलेले लिहून घेतो. परंतु टंकलेखन, नक्कल आणि भाषांतर कचेरीच्या हातून होते. २१ जुलै १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने उच्च न्यायालयाच्या अधीन असलेल्या न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी आहे. त्यामुळे खामगावचा कागद नागपूरच्या खंडपीठापुढे जातो तेव्हा वऱ्हाडी, प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून जातो. प्रत्येक पायरीवर थोडे काही गळते. ते किती आणि कोणत्या जातीचे, हा प्रत्यक्ष अभ्यासाचा विषय आहे.

(७) यंत्र आणि नोंद

२००७ सालापासून देशात ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला आणि आज प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. पुढील तारीख पक्षकाराला घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर दिसते. पूर्वी एवढ्यासाठी खेड्यातून खामगावापर्यंत खेप करावी लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते. पण पडद्यावरची तारीख कोणीतरी भरावीच लागते. ती चुकीची भरली, तर चूक पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचते. शिवाय छापील दिसणाऱ्या अक्षरावर माणूस हस्ताक्षरापेक्षा अधिक विश्वास ठेवतो. धाग्याचे टोक सांभाळणारा आजही लागतो. धागा तेवढा बदलला आहे.

(८) उपसंहार

यावरून कचेरीच्या भाषेचे माप कोणते, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नोंद वाचणाऱ्या तिऱ्हाइताला कोणी, केव्हा, कोठे आणि काय केले हे लिहिणाऱ्याला न विचारता कळते काय. आणि ज्याच्याविषयी ती नोंद आहे त्या पक्षकाराला ती वाचून दाखविली असता ‘होय, असेच घडले’ असे तो म्हणू शकतो काय? या दोन कसोट्यांना उतरलेली नोंद फारसी शब्दांनी भरलेली असली तरी चांगली. न उतरलेली नोंद कितीही शुद्ध असली तरी सदोष. लिपिकांच्या प्रशिक्षणात नमुने भरण्याबरोबर कर्ता न लोपविता वाक्य लिहिण्याचा सराव अंतर्भूत केला, तर एवढ्या लहान उपायानेही पुष्कळ साधेल.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे कामाची तीन क्षेत्रे सुचवावीशी वाटतात. एक, निकाली निघालेल्या प्रकरणांतील बेलिफांच्या अहवालांची वाक्यरचनात्मक पाहणी, पक्षकारांची नावे वगळून आणि न्यायालयाची रीतसर अनुमती घेऊन. दोन, रोजनाम्यातील क्रियापदरहित वाक्यांचे व्याकरण. तीन, वऱ्हाडी साक्ष आणि तिचे अभिलेखातील रूप यांची तुलना. यासाठी न्यायालयाच्या खुल्या कामकाजात बसून कान देऊन ऐकण्याची तयारी हवी. यांतील पहिल्या कामाला घाई आहे. न्यायालयीन कागद कायम ठेवले जात नाहीत. १९१७ च्या अभिलेखनाशाच्या अधिनियमाप्रमाणे आणि त्याखालील नियमांप्रमाणे ठराविक मुदतीनंतर त्यांतील पुष्कळसे नष्ट केले जातात. ज्या अहवालावर एके काळी एखाद्याच्या वावराचा धुरा ठरला, तो वाचण्याची संधी अभ्यासकाला फार काळ राहत नाही.